रेड डॉटचा माउंट करून घेतला, त्याला आठ महिने झाले

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या एअर पिस्तुलाची पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, धूसर व्हायला लागली. पहिले वीस शॉट ठीक जायचे, मग तिच्या कडा विस्कटायच्या आणि डोळा पाणवायचा. रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट. तिच्यात ठिपका खूप दूर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे नजर टार्गेटवर ठेवली की पुरतं. आधी एक स्पष्ट सांगतो: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 10 मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत ही साइट चालत नाही, तिथे बिनकाचेची उघडीच साइट लागते. मी ती फक्त सरावासाठी बसवली.

अडचण माउंटची, म्हणजे डॉट पिस्तुलावर बसवायच्या बैठकीची होती. बाजारातले माउंट 11 मिलिमीटरच्या डव्हटेल खाचेसाठी नाहीतर पिकाटिनी या खाचांच्या पट्टीसाठी असतात आणि माझ्या पिस्तुलावर दोन्ही नाहीत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे, आमच्या पॉवरलूमचे सुटे भाग तिथेच व्हायचे. लूम विकले, रिकाम्या शेडमध्ये मी दहा मीटरची रेंज केली आणि जुन्या ओळखीवर हे काम घेऊन तिथे गेलो.

पहिला माउंट माझ्या डोक्यातला होता: नळीला कवटाळणारी अॅल्युमिनियमची कडी आणि तिच्यावर डॉट. दिसायला देखणा. पण रोज सकाळी ग्रुप, म्हणजे छर्‍यांचा पुंजका, वेगळ्या जागी. आज डावीकडे, उद्या खाली. महिनाभर मी स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसलो. शेवटी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर ठेवलं, कडीचा स्क्रू पाव फेरा आवळला आणि ग्रुप सरकलेला डोळ्यांनी पाहिला. वर्कशॉपमधले चाचा म्हणाले, "सर, नळीला हातच लावू नका की ओ. बारीक शाफ्ट एका बाजूनं दाबला की काय होतंय, लूमवर बघितलंय न्हवं तुम्ही?"

हिशोब केला तेव्हा अंगावर काटा आला. 40 मिलिमीटर लांबीच्या बैठकीत एका टोकाला 0.1 मिलिमीटरचा फरक पडला, तर दहा मीटरवर छर्रा 25 मिलिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळच 11.5 मिलिमीटरचं. म्हणजे मधोमध जाणारा शॉट थेट सातात. डॉट कितीही महागाचा घ्या, खालची बैठक हलली की सगळं वाया.

दुसरा माउंट मागच्या साइटच्या जागी, बॉडीवर बसवला. नळीला कुठेही स्पर्श नाही. 6061 अॅल्युमिनियमचा तुकडा मिलिंगवर काढला, पण खरं काम नंतर झालं. चाचांनी बॉडीला ब्लू, म्हणजे टेकणारी जागा दाखवणारा निळा रंग, मारला, तुकडा टेकवून उचलला, जिथे निळं उमटलं तिथे हलकी कानस फिरवली. पुन्हा ब्लू, पुन्हा कानस. पूर्ण दुपार गेली. शेवटी निळा रंग सगळीकडे सारखा उमटला तेव्हा त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. इतकं मन लावून केलेलं काम मी फार दिवसांनी पाहिलं. मूळ साइटचेच दोन स्क्रू वापरले, शिवाय जागा पक्की धरणारी एक डॉवेल पिन घातली, म्हणजे काढून पुन्हा लावलं तरी जागा तीच.

हा माउंट जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बसवला. स्क्रूंना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावून रात्रभर ठेवलं आणि डोक्यावर नेलपॉलिशची रेघ मारली. मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, तरी रेघ जागची हलली नाही. झीरो, म्हणजे ठिपका आणि छर्रा एका जागी जुळवणं, आठ महिन्यांत एकदाच केला.

तक्रारी आहेत. दहा मीटरवर पॅरलॅक्स जाणवतो. डोकं जरा सरकलं की काचेतला ठिपकाही टार्गेटवर सरकतो. म्हणून ठिपका काचेच्या मधोमध ठेवायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागली. उंचीही मला थोडी जास्तच झाली. ठिपका मध्यावर ठेवायचा असल्यामुळे, उघड्या साइटने टार्गेटच्या काळ्या भागाच्या खाली धरायची सवय असलेल्या हाताला पहिले पंधरा दिवस काही सुचत नव्हतं. आणि ठिपका मला स्वल्पविरामासारखा दिसायचा. डॉट बिघडला समजून मोबाइलने फोटो काढला तर फोटोत तो गोल! दोष माझ्या डोळ्यात होता. सिलिंड्रिकल नंबर निघाला.

फायदा मात्र मोठा. ट्रिगर दाबताना ठिपका खाली-डावीकडे झटका खायचा, दर वेळी तिकडेच. उघड्या साइटवर हे मला वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं. छर्रा न घालता भिंतीवर ठिपका धरून रोज अर्धा तास ड्राय फायर केलं, तेव्हा जूनपर्यंत तो झटका निम्म्यावर आला.

आता आठवड्यातले तीन दिवस डॉट, बाकीचे दिवस उघडी साइट. स्पर्धेच्या आधी दोन आठवडे माउंट उतरवून डब्यात ठेवतो. पुढचा माउंट 4 मिलिमीटर बुटका करायचा आहे. चाचांनी दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय.