आर्थ्रोझ की ऑस्टिओआर्थ्रायटिस : शब्दसूचीचा पाया कोणत्या भाषेत घालावा?

पुण्यात आल्याँस किंवा रानडेतून फ्रेंचच्या वरच्या परीक्षा झाल्या की बरेच जण वैद्यकीय भाषांतराकडे वळतात, आणि सुरुवातीच्या कामांत गुडघ्या-खुब्याच्या झिजेचे रिपोर्ट हमखास येतात. या झिजेला फ्रेंचमध्ये आर्थ्रोझ म्हणतात, इंग्रजीत ऑस्टिओआर्थ्रायटिस. तेव्हा स्वतःची शब्दसूची करायला घेतली की पहिला प्रश्न हाच: मूळ नोंद फ्रेंच ठेवायची की इंग्रजी? दोन्ही पद्धतींनी उत्तम काम करणारी माणसं मला माहीत आहेत. मी फ्रेंच ठेवली. तरी आधी इंग्रजीची बाजू मांडतो, कारण ती कच्ची नाही.

संशोधन बहुतांश इंग्रजीत छापलं जातं, आणि आजारांच्या वर्गीकरणाचा कलही तिकडेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडसूचीत एम१६ ला कॉक्सार्थ्रोसिस आणि एम१७ ला गोनार्थ्रोसिस अशी नावं होती. अमेरिकेनं स्वतःच्या आवृत्तीत त्याच कोडांपुढे ऑस्टिओआर्थ्रायटिस लिहिलं, आणि आयसीडी-११ मध्ये संघटनाही त्याच शब्दावर आली. शिवाय इंग्रजीत सांध्याचं साधं नाव जोडलं की काम भागतं: नी, हिप, हँड. फ्रेंचमध्ये गुडघ्याचा गोनार्थ्रोझ, खुब्याचा कॉक्सार्थ्रोझ, खांद्याचा ओमार्थ्रोझ, अंगठ्याच्या मुळाशी रिझार्थ्रोझ. हे सगळे पाठच करावे लागतात. अर्थात फ्रेंच डॉक्टरही पेशंटशी बोलताना ‘आर्थ्रोझ द्यु जनू’च (गुडघ्याचा आर्थ्रोझ) म्हणतात, तेव्हा हा त्रास फार मोठा नाही.

माझं मत फिरलं ते एका वेगळ्याच कटकटीमुळे. इंग्रजी कागदांत ‘ऑस्टिओ’ गळून पडतो. निदानाच्या ओळीत पूर्ण शब्द असतो, पुढच्या परिच्छेदात नुसतं ‘आर्थ्रायटिस’ होतं, आणि पूर्वेतिहासात तर बहुतेकदा तेवढंच: ‘आर्थ्रायटिस, वेदनाशामक गोळ्या चालू’. आता हे फ्रेंचमध्ये न्यायचं कसं? तिथे आर्थ्रोझ म्हणजे झीज आणि आर्थ्रित म्हणजे दाह. यातलं एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. दाहाच्या सांधेदुखीवर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट लिहिलेलं असेल तर पोलिआर्थ्रित रुमातोईदचा, म्हणजे आपल्याकडच्या आमवाताचा, अंदाज बांधता येतो. नुसत्या वेदनाशामकावरून काहीच कळत नाही. मग एजन्सीला शंका पाठवा, उत्तराची वाट बघा. ते आलं नाही तर ‘प्रकार नमूद नाही’ अशी टीप देऊन काम सोडा. रात्री अकराला फाइल द्यायची असताना हे फार छळतं. फ्रेंच रिपोर्टात ही वेळ माझ्यावर क्वचितच येते. लिहिणाऱ्यानं निवड आधीच केलेली असते, आणि दुखणं ‘मेकानिक’ (झिजेचं) आहे की ‘अँफ्लामात्वार’ (दाहाचं), हेही बहुधा त्यानं लिहिलेलं असतं.

हा गोंधळ आपल्या घरांतही आहे. मान धरली की आपण ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो. रिपोर्टात असतो सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, वयानुसार होणारी झीज. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा अगदी वेगळा, तरुणपणी सुरू होणारा दाहाचा आजार. फ्रेंचमध्ये पहिल्याला सेर्विकार्थ्रोझ म्हणतात आणि दुसऱ्याला स्पाँदिलार्थ्रित आँकिलोझाँत.

इंग्रजीवर अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवं की ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्येही सांध्याच्या अस्तराला थोडाफार दाह असतो, त्यामुळे त्या नावातलं ‘-आयटिस’ हे दाहाचं शेपूट अगदीच चुकीचं नाही. ‘नुसती झीज’ ही समजूत आता मागे पडली आहे. तरीही पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर दोन आजार वेगळे ओळखता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

फ्रेंच रिपोर्ट वाचायला सुरेखही असतात. सकाळी उठल्यावर गुडघा जरा वेळ आखडलेला राहतो, त्याला ‘देरुयाज मातिनाल’ म्हणतात, म्हणजे सकाळचा गंज उतरवणं. मणक्याच्या कडेला वाढलेल्या हाडाला ‘बेक द पेरोके’, पोपटाची चोच. एक्स-रेवर खरंच तशीच दिसते ती.

फ्रेंचमध्येही खड्डे आहेत. ‘अँफिल्त्रासियाँ’ दिसलं की हात आपसूक ‘इन्फिल्ट्रेशन’ टाइप करतात. गुडघ्याच्या रिपोर्टात तो शब्द बहुधा सांध्यात दिलेल्या इंजेक्शनसाठी असतो. ‘लोंबार्थ्रोझ’, म्हणजे कंबरेच्या मणक्यांची झीज, हाही शब्द जपून घ्यावा. साधारणपणे लंबर स्पॉन्डिलोसिस चालतं, पण रिपोर्टात फक्त मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांचं वर्णन असेल तर फॅसेट जॉइंट ऑस्टिओआर्थ्रायटिस लिहिलेलं बरं. आणि अमेरिकन ग्राहकाला ‘गोनार्थ्रोसिस’ देऊ नका, तो बदलून परत येतो.

तुमचं काम मुख्यतः औषधचाचण्यांचं असेल, वोमॅकसारख्या (गुडघ्या-खुब्याच्या त्रासाची मोजणी करणाऱ्या) प्रश्नावल्या आणि संमतीपत्रं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये न्यायची असतील, तर इंग्रजी पाया सोयीचा पडेल. तिथे मूळ मजकुरात आजाराचं पूर्ण नाव सहसा असतं. पण हॉस्पिटलचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, विम्याचे कागद असं मिश्र काम असेल, तर मी फ्रेंचच सुचवेन. पहिल्या रकान्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात डॉक्टरांसाठीचा इंग्रजी, तिसऱ्यात पेशंटसाठीचा. ‘आर्थ्रायटिस’ या एकट्या शब्दाला मात्र माझ्या सूचीत प्रतिशब्दच नाही. तिथे फक्त एजन्सीला पाठवायच्या प्रश्नाचा तयार मजकूर ठेवला आहे.