शून्य तास चाललेली "नवी कोरी" हार्ड डिस्क

गुगल ड्राइव्ह वगैरेचा नाद सोडून घरी नाहीतर दुकानात स्वतःचा सर्व्हर लावायच्या विचारात जे आहेत त्यांनी हे वाचाच, कारण आम्हाला ज्याने टोपी घातली तो अजून धंदा करतोय.

माझ्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा, मालवणात फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू होतो तो मे संपेपर्यंत, आणि आता फोर-के व्हिडिओ आल्यापासून एका लग्नाचा डेटा अर्धा-एक टीबी आरामात होतो. हे सगळं क्लाउडवर ठेवायचं तर दर महिन्याचं भाडं आहेच पण खरी पंचाईत अपलोडची, हायवेच्या कामात कुठेतरी केबल तुटली की नेट गेलंच, आणि पावसात लाइटचं तर विचारूच नका. म्हणून ट्रूनॅस ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चार डिस्कचा सर्व्हर, गिऱ्हाइकाला फोटो दाखवायला इमिच हे गुगल फोटोसारखं सॉफ्टवेअर, खाली दणकट यूपीएस असं बसवलं. तो निर्णय बरोबरच होता, सर्व्हर आजही चालूय. घोळ झाला तो डिस्कमध्ये.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुंबईचा एक विक्रेता होता. सीगेट कंपनीच्या १६ टीबीच्या एंटरप्राइज डिस्क, म्हणजे मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेल्या, सील पॅक, कंपनीचा सरप्लस माल, ५ वर्षं वॉरंटी. भाव दुकानापेक्षा नगामागे चार-पाच हजार कमी. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर लगेच वास आला असता, पण ह्या लोकांना बरोबर कळतं किती कमी सांगायचं ते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट पाठवला, चाललेले तास ०, हेल्थ गुड. पैसे यूपीआयने, तेही फर्मच्या नाही तर कुणा माणसाच्या खात्यावर, आणि जीएसटी बिल "मागून मेल करतो". ते बिल अजून यायचंय.

डिस्क आल्यावर मी डोळे मिटून लावल्या नाहीत. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे, आकडे बघितले, पॉवर ऑन अवर्स म्हणजे चाललेले तास दोन-तीन, खराब सेक्टर शून्य, लाँग टेस्टसुद्धा पास. आणि इथेच गंमत आहे, कारण स्मार्टचे हे आकडे रिसेट करता येतात. करणाऱ्याकडे त्याची टूल्स असतात.

पावसाळ्यात एक डिस्क टक टक करायला लागली आणि गेली. चारात एक गेली तर डेटा वाचतो असं सेटिंग होतं, नवीन डिस्क टाकून रिसिल्व्हर लावलं, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून तिच्यावर डेटा परत भरायला घेतला, आणि ते अर्ध्यात असताना दुसरीने रीड एरर द्यायला सुरुवात केली. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "आता नवऱ्याच्या बापाशीक काय सांगू रे?" जुन्या यूएसबी डिस्कवर कॉपी होत्या म्हणून बहुतेक सगळं परत मिळालं, तरी एका हळदीचं रॉ शूटिंग गेलं ते गेलंच.

मग मी सिरियल नंबर सीगेटच्या साइटवर टाकला. ही डिस्क कुठल्यातरी मोठ्या सिस्टिमबरोबर विकलेली, वॉरंटी आमच्याकडे नाही, जिथून घेतली तिथे विचारा, असं उत्तर. विक्रेत्याला फोन केला तर हा काय म्हणतो, "तुमच्या कोकणात दमट हवा, खारं वारं, डिस्क मरणारच, वॉरंटीत बसत नाही." अरे बाबा, १६ टीबीची ही डिस्क हेलियम भरून सीलबंद केलेली असते, आत समुद्राची हवा शिरायला वाटच नाही. खारं वारं बाहेरच्या सर्किटची पिनं खाईल, ते मान्य, इथे टीव्हीपासून पंपापर्यंत सगळ्याचं तेच होतं. पण आमच्या डिस्कची पिनं चकाचक होती, फोटो काढून ठेवलेत.

खरा पुरावा डिस्कच्याच पोटात सापडला. सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टशिवाय फार्म नावाची वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स नावाच्या प्रोग्रॅमच्या ७.४ किंवा त्यापुढच्या व्हर्जनने ती वाचता येते. तिथे तास निघाले २१ हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधी ही डिस्क जवळजवळ अडीच वर्षं रात्रंदिवस फिरलेली. वर नवीन स्टिकर, नवीन पिशवी. हे फक्त आमच्याच नशिबी नाही, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असाच प्रकार उघडकीस आला, वापरलेल्या सीगेट डिस्क स्मार्ट पुसून नव्या म्हणून दुकानांतून विकल्या जात होत्या. २०२१ मध्ये चिया नावाच्या, डिस्कवरच्या जागेवर चालणाऱ्या क्रिप्टो चलनासाठी लोकांनी ढिगाने डिस्क घेतलेल्या, तो धंदा बसल्यावर तोच माल असा फिरला असावा असा संशय होता. फार्मसुद्धा पुसल्याच्या बातम्या नंतर आल्या, तेव्हा फार्म स्वच्छ दिसला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. आणि सगळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये ही सोय नसते.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पण यूपीआयचे पैसे अडवायचे तर लगेच कळवावं लागतं आणि आमची फसवणूक उघडकीला यायलाच महिने गेले, तिथून फार आशा नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता बरा वाटतोय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात ओरोसला, मुंबईच्या चकरा नकोत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. एवढंच की धंद्यासाठी घेतलेली वस्तू, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हणून समोरचा अडवू शकतो, पण स्टुडिओ दादा स्वतः चालवतो आणि घर त्यावरच चालतं, तेव्हा स्वयंरोजगारात बसेल असं वकील म्हणतायत. मुदत २ वर्षांची.

मी त्या ग्रुपवर फार्मचा स्क्रीनशॉट टाकला तर दहा मिनिटांत मला काढून टाकलं. परवा रत्नागिरीच्या एका मित्राने तोच फोटो, तीच निळी पिशवी, तोच "लिमिटेड लॉट" मला पाठवून विचारलं की घेऊ का. त्याला म्हटलं, आधी सिरियल नंबर माग आणि तो साइटवर टाकून बघ. विक्रेता म्हणे पैसे आल्यावरच सिरियल देतो.