‘नूतनीकरण’ला इंग्रजीत काय लिहाल? रिन्यू, रिनोव्हेट की रिस्टोअर

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या फलकावर एक इंग्रजी सूचना लागली. लिफ्टच्या परवान्याचं ‘रिनोव्हेशन’ आणि तळमजल्यावरच्या लॉबीचं ‘रिन्यूअल’ होणार आहे, सभासदांनी सहकार्य करावं. दोन शब्दांनी जागांची अदलाबदल केली होती. सेक्रेटरी काका निवृत्त हेडक्लार्क, इंग्रजी एरवी चोख. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाले, “अहो, दोन्हीकडे नूतनीकरणच ना?”

गोम तिथेच आहे. मराठीत परवान्याचं नूतनीकरण होतं आणि नाट्यगृहाचंही. इंग्रजीत लिहायला बसलं की त्याच एका शब्दाच्या चार-पाच वाटा फुटतात. भाषांतरं तपासण्याचं काम गेली बरीच वर्षं करतोय, त्यातून एक सवय लागली आहे: वस्तू किती नवी होणार हे मी बघत नाही, तिचं काय गेलं होतं ते विचारतो. मुदत गेली होती, सोय गेली होती, मूळ रूप गेलं होतं, की जीवच गेला होता? शब्द बहुतेक वेळा या उत्तरातच सापडतो.

रिन्यू की रिनोव्हेट

व्युत्पत्ती इथे कामाला येत नाही. ‘रिन्यू’मध्ये इंग्रजीचा घरचा ‘न्यू’ आहे, ‘रिनोव्हेट’मध्ये लॅटिनचा ‘नोवुस’. दोन्ही आपल्या ‘नव’चेच भाऊबंद, अर्थ तोच. फरक पाडलाय तो वापराने. माझी कसोटी साधी आहे: कामाला गवंडी-सुतार बोलवावा लागतो का? लागत असेल तर रिनोव्हेट. अर्ज करून, फी भरून काम होत असेल तर रिन्यू. लायसन्स, विम्याची पॉलिसी, मासिकाची वर्गणी, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक, हे सगळं रिन्यू होतं. किचन, बाथरूम, हॉटेल, नाट्यगृह रिनोव्हेट होतं.

रिन्यूचा आणखी एक अर्थ आपण विसरतो: थांबलेलं पुन्हा जोमाने सुरू होणं. बातमीत ‘रिन्यूड फायटिंग’ आलं तर लढाई नवी नाही, मध्ये विसावलेली पुन्हा पेटली आहे. त्याचं भाषांतर ‘नूतनीकृत लढाई’ असं केलेलं मी खरोखर वाचलंय.

पासपोर्टची मात्र गंमत आहे. बोलताना सगळेच ‘पासपोर्ट रिन्यू केला’ म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. पण पासपोर्ट सेवेच्या अर्जावर हा शब्द शोधलात तर सापडायचा नाही, तिथे आहे ‘री-इश्यू’. प्रौढांच्या पासपोर्टची 10 वर्षांची मुदत संपली की जुन्याला मुदतवाढ मिळत नाही, नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका हातात येते. त्यामुळे गप्पांत रिन्यू, अर्जात आणि पत्रव्यवहारात री-इश्यू.

रिनोव्हेट की रिस्टोअर

खरी झटापट इथे आहे, कारण दोन्हीकडे कारागीर येतो, धूळ उडते, पैसा जातो.

माझ्या आजोळी ओसरीवर सागवानी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. त्याच्यावर वर्षानुवर्षं दर दिवाळीला ऑइलपेंटचे हात चढत गेले. शेवटचा हिरवा. मामाने सुतार बोलावला, तर त्याने पहिलाच प्रश्न केला, “तासून पॉलिश करू, की वरून सनमायका मारू?” त्या प्रश्नात दोन इंग्रजी क्रियापदं आहेत. हिरव्याखालचा निळा, निळ्याखालचा करडा, असे थर काढत सागाच्या रेषेपर्यंत पोचणं म्हणजे रिस्टोअर. सनमायका मारून झोपाळा दिसायला नवा करणं म्हणजे रिफर्बिश. रिनोव्हेट इथे जमत नाही, तो शब्द इंग्रजीत मुख्यतः इमारतींना आणि खोल्यांना लागतो. (मामाने तासायला सांगितलं. दोन दिवस ओसरीवर बसायची सोय नव्हती.)

इमारतींमधला फरक व्हाइट हाउसच्या दोन कामांत छान दिसतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात, 1948 ते 1952 दरम्यान, बाहेरच्या भिंती तेवढ्या ठेवून ती वास्तू आतून पोकळ केली आणि नवा पोलादी सांगाडा उभा केला. त्या कामाला रिनोव्हेशन म्हणतात, कुणी थेट रीकन्स्ट्रक्शनच म्हणतं. पुढे 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांनी आतल्या खोल्यांचं काम हाती घेतलं तेव्हा ‘रीडेकोरेट’ हा शब्द त्यांना अजिबात खपला नाही. ‘लाइफ’ मासिकाच्या मुलाखतीत त्यांनी बजावलं की हे रिस्टोअर करायचं आहे, त्याचा सजावटीशी संबंध नाही, हा अभ्यासाचा विषय आहे. रीडेकोरेट म्हणजे आपली रंगरंगोटी, पडदे बदलणं. रिस्टोअर करायचं तर आधी मूळ काय होतं ते शोधावं लागतं. पुरावा नसेल तर हा शब्द वापरण्याचा हक्कच पोचत नाही, असं माझं मत.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू मोठ्या दुरुस्तीनंतर 2008 मध्ये पुन्हा उघडली, आणि त्या कामाला 2005 मध्येच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला होता. याला कुणी रिनोव्हेशन लिहिलं तर मी खोडतो.

उलट ‘जीर्णोद्धार’ दिसला की डोळे मिटून रिस्टोअर लिहू नका. अहिल्याबाईंनी 1780 मध्ये काशी विश्वेश्वराचं मंदिर उभारलं, ते रीबिल्ड. गावातला जुना गाभारा पाडून आरसीसी सभामंडप घातला असेल, तर तेही रीबिल्डच. कळस उतरवून, सांधे भरून, जुनेच दगड जागेवर बसवले असतील, तर रिस्टोअर.

त्याच्याही पलीकडे ‘कॉन्झर्व्ह’ आहे: मूळ शोधत बसू नका, आहे ते आणखी बिघडू देऊ नका. अजिंठ्याला 1920च्या सुमारास निजामाने इटालियन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी भित्तिचित्रं वाचवण्यासाठी वरून लाखेचं व्हार्निश दिलं. पुढे तेच पिवळं-काळपट पडलं आणि रंग त्याच्याआड गेले. नंतरच्यांना ते व्हार्निश उतरवत बसावं लागलं. पुरातत्त्ववाले रिस्टोअर लिहिताना का कचरतात, ते यावरून कळावं.

रिस्टोअरचा एक अर्थ बाकी कुणाकडे नाही: परत करणं, पूर्ववत करणं. वीजपुरवठा रिस्टोअर होतो, शांतता रिस्टोअर होते, चोराकडून मिळालेलं मंगळसूत्र पोलीस मालकिणीला रिस्टोअर करतात. इथे रिनोव्हेट घातलं तर हसं होईल. जाता जाता, ‘रेस्टॉरंट’ याच घरातलं. पॅरिसमध्ये आधी शक्ती भरून आणणाऱ्या सूपला हे नाव होतं, मग ते मिळण्याच्या जागेला पडलं.

रिफर्बिश

मूळ अर्थ शस्त्रं घासून लखलखीत करणं, म्हणजे आपल्या कल्हईवाल्याच्या जवळपासचं काम. आज हा शब्द वापरलेल्या फोन-लॅपटॉपना चिकटलाय: परत आलेला माल तपासून, दुरुस्त करून, पुसून पुन्हा विकायला ठेवणं. अ‍ॅमेझॉनने अशा मालाच्या विभागाला ‘रिन्यूड’ नाव दिलंय. अर्थ रिफर्बिश्डच, फक्त त्यात ‘न्यू’ ऐकू येतं. विकत घेताना भुलू नका, लिहिताना रिफर्बिश्ड लिहा.

रिव्हाइव्ह, रिज्युव्हिनेट आणि सरकारी इंग्रजी

जीव गेला होता किंवा जायच्या बेतात होता, तर रिव्हाइव्ह. बेशुद्ध माणूस, बंद पडलेली गिरणी, विस्मरणात गेलेलं नाटक. जीव आहे पण तजेला नाही, तर रिज्युव्हिनेट: त्वचा, तलाव, नदी. शहरांच्या योजनांत मात्र हे शब्द फॅशनसारखे बदलतात. 2005च्या नेहरूंच्या नावाच्या योजनेत ‘अर्बन रिन्यूअल’ होतं, 2015च्या ‘अमृत’मध्ये ‘रिज्युव्हिनेशन’ आलं. गटारं आणि पाण्याच्या लाइनी दोन्हींत होत्या.

‘पुनर्विकास’ला मात्र पर्याय शोधू नका, रीडेव्हलपच. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचा फ्लॅट मिळतो, तेव्हा जुनं काहीच उरत नाही, आणि रिनोव्हेट म्हटलं तर रहिवासी ऐकून घेणार नाहीत.

बायोडेटात लिहिताना

‘वेबसाइट रिव्हॅम्प केली’ म्हणजे रूपडं बदललं. ‘ओव्हरहॉल केली’ म्हणजे आतून उघडून सगळं तपासलं, मोडकं बदललं. दुसरा दावा मोठा आहे, मुलाखतीत निभावता आला पाहिजे. लहानपणी सायकलवाल्याकडे याला ‘ओव्हरऑयलिंग’ म्हणायचे आणि आम्हाला वाटायचं, भरपूर तेल घालणं. तो मात्र बेअरिंगच्या गोळ्यासुद्धा काढून रॉकेलमध्ये धुवायचा, त्यामुळे काम अगदी शब्दाला धरून व्हायचं.

गेल्या महिन्यात लिफ्ट तीन दिवस बंद होती. सुरू झाली त्या संध्याकाळी फलकावर कागद लागला: ‘लिफ्ट सर्व्हिस रिस्टोअर्ड’. काका खाली उभेच होते, माझ्याकडे बघत. म्हटलं, “बरोबर आहे.” मग त्यांनी कागदाला दुसरी टाचणी मारली.