टेस्ट ड्राइव्ह उड्डाणपुलावरच का दिली, ते मला नंतर कळलं

मे 2023 मध्ये मी नाशिकला एका डीलरकडून एक जुनी गाडी घेतली. 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच 15 पासिंग, मीटरवर 52,000 किलोमीटर, किंमत 3 लाख 85 हजार. मॉडेल लिहीत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता. विकणाऱ्याचं नावही लिहीत नाही. त्याने काय काय केलं ते मात्र सगळं लिहिणार आहे. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्यात उभी राहते. स्टेअरिंगचं किंवा सस्पेन्शनचं (चाकं गाडीला धरून ठेवणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या जोडणीचं) काही तुटलं तर गाडी कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही, आणि माझ्या गाडीत तेव्हा आई-वडील बसलेले होते.

गाडी दिसायला चकचकीत होती. पुढचे दोन्ही टायर नवे कोरे. एजंट म्हणाला, "साहेब, टायरचा खर्चच वाचला तुमचा." मलाही तसंच वाटलं. मग चावी हातात देऊन तो शेजारी बसला. "चला, मोकळा रस्ता दाखवतो." मुंबई नाक्यावरून आम्ही उड्डाणपुलावर चढलो, आडगावच्या पुढे जाऊन वळलो आणि त्याच रस्त्याने परत आलो. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू. साठ-सत्तरच्या वेगात गाडी पाण्यासारखी चालली. स्टेअरिंग किंचित डावीकडे जातंय असं वाटलं म्हणून मी विचारलं, तर उत्तर तयार होतं: "पाणी वाहून जायला रस्त्याला डावीकडे उतार असतो साहेब, सगळ्याच गाड्या जातात." हे खरंही आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. त्या सगळ्या फेरीत एकही गतिरोधक आला नाही, एकही खड्डा आला नाही, स्टेअरिंग पूर्ण फिरवायची वेळ फक्त एकदा, यू-टर्नला आली. पुलाखालच्या सर्व्हिस रोडवर दोन मिनिटं नेली असती तर गाडीने सगळं सांगितलं असतं.

चार दिवसांनी पेट्रोल पंपावर हवा तपासायला थांबलो. हवा भरणारा मुलगा म्हणाला, "सर, पुढच्या उजव्या चाकाचं पंक्चर बघून घ्या." डाव्या चाकात 36 आणि उजव्यात 27 हवा होती. पंक्चर नव्हतंच. दोन्हीकडे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घेतली आणि तिथून बाहेर पडल्यापासून गाडी डावीकडे ओढू लागली. गाडी कमी हवेच्या चाकाकडे ओढते. कोणीतरी उजव्या चाकाची हवा मुद्दाम कमी ठेवून डावीकडचा ओढा मारून टाकला होता. हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही. मला वाटलं, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केलं की झालं.

अलाइनमेंटच्या दुकानात जे झालं ते नीट वाचा, कारण बहुतेक जण इथेच समाधान मानून परत येतात. मशीन तीन गोष्टी मोजतं. चाकं वरून पाहिली तर पुढे आत वळलीत की बाहेर, हा टो. चाक समोरून पाहिलं तर उभं आहे की कललंय, हा कॅम्बर. आणि चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूने पाहिला तर मागे किती झुकलाय, हा कॅस्टर. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते कॅस्टरमुळे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो पान्ह्याने जुळवता येतो, बाकीचे दोन कारखान्यातच ठरलेले असतात. म्हणजे कॅम्बर किंवा कॅस्टर दोन बाजूंना फारच वेगळा आला, तर तो जुळवायचा बाकी राहिलेला नसतो, काहीतरी वाकलेलं किंवा पार झिजलेलं असतं. माझ्या कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर लाल रंगात होता, कॅस्टरही लाल. कामगाराने टो हिरवा केला, "ओके सर" म्हणाला आणि पैसे घेतले. लाल आकड्यांबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जुन्या गाडीला एवढं चालतं." चालत नाही. तो कागद तेव्हाच घेऊन एखाद्या जाणकाराकडे गेलो असतो तर पुढचे दोन महिने टळले असते.

जूनच्या अखेरीस पाऊस धरला आणि गाडी बोलायला लागली. कॉलनीच्या गतिरोधकावर पुढून डावीकडे "खट्". खराब रस्त्यावर सतत खडखड. उन्हाळ्यात एकदाही न आलेला आवाज आत्ताच कसा, याचं उत्तर पुढे मिळालं. जुलैत आई-वडिलांना घेऊन वणीला, सप्तशृंगी गडावर देवीच्या दर्शनाला निघालो. नांदुरीहून गडावर चढताना वळणांवर लक्षात आलं की डावीकडे वळल्यावर स्टेअरिंग परत येत नाही, ओढून आणावं लागतंय. उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे झेप घेत होती. आई मागे देवीचं नाव घेत होती, वडील काहीच बोलत नव्हते, आणि मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खाली उतरलो. घरी आल्यावर टायर पाहिला. अडीच महिन्यांपूर्वीचा नवा टायर आतल्या कडेने तार दिसेपर्यंत गेला होता. बाहेरून नक्षी अजून नव्यासारखी होती. म्हणून टायर नुसता समोर उभं राहून बघू नका. स्टेअरिंग पूर्ण फिरवून घ्या आणि आतल्या कडेवर हात फिरवा.

शेजाऱ्यांच्या ओळखीने एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेण्याआधी मला बाहेर उभं केलं आणि स्वतः गल्लीत एक चक्कर मारली, काचा उघड्या ठेवून, अगदी हळू, डावं चाक खड्ड्यात घालत. परत येऊन एवढंच म्हणाले, "दादा, ही ठोकलेली आहे. चला, दाखवतो."

वर घेतल्यावर त्यांनी काळा लेप दाखवला. पावसा-गंजापासून वाचवायला गाडीच्या पोटाला लावतात तो. लेप फक्त डाव्या पुढच्या कोपऱ्यात होता. खरवडल्यावर खाली ताजं वेल्डिंग निघालं. बॉनेट उघडून एप्रनच्या, म्हणजे इंजिनच्या बाजूला चाकाजवळ असणाऱ्या पत्र्याकडे बोट केलं. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, उजवीकडे ते स्वच्छ दिसत होते. डावीकडे ठिपके नव्हते, पुटीसारखं काहीतरी फासलेलं होतं. क्रेडलचे, म्हणजे इंजिनखालच्या लोखंडी चौकटीचे, उजवे बोल्ट गंजके, डावे नवे. डाव्या बॉल जॉइंटचं, म्हणजे चाक ज्या गोल सांध्यावर वळतं त्याचं, रबर फाटलेलं आणि आतबाहेर ग्रीस ठासलेलं. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशला भेगा, त्याही ग्रीसने भरलेल्या. "उन्हाळ्यात आवाज का नव्हता ते बघा," काका म्हणाले. "ग्रीसने गप्प केली होती. पावसाने धुतली."

मग त्यांनी स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दोन टाय रॉड दाखवले. त्यावर चेकनटच्या (रॉड जागेवर घट्ट ठेवणाऱ्या नटच्या) बाहेर दिसणाऱ्या चुड्या, म्हणजे आटे, मोजायला लावल्या. उजवीकडे नऊ, डावीकडे सतरा. न ठोकलेल्या गाडीत दोन्ही बाजूंना साधारण सारख्या असतात. चाक मागे ढकललं गेलं होतं आणि तरीही गाडी सरळ चालावी म्हणून एका रॉडवरून भरपाई केली होती. शेवटी चाकं सरळ करून टेप लावला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डाव्या बाजूचं अंतर उजव्यापेक्षा 14 मिलीमीटर कमी भरलं. टेप काय, साध्या दोरीनेही हे समजतं, आणि त्याला लिफ्टही लागत नाही.

चाक हलवून बघायची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो. चाक अधांतरी असताना घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायचं. खेळ लागला तर टाय रॉड किंवा स्टेअरिंगच्या रॅककडे (दोन्ही टाय रॉड ज्याला जोडलेले असतात) बघायचं. बारा आणि सहाला धरून हलवल्यावर खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. माझा राहिला. काकांचा चेहरा पडला. बॉल जॉइंट सुटला की चाक जागच्या जागी आडवं होतं, आणि मी ही गाडी गडावर नेऊन आणली होती. हे घरी करणार असाल तर एक हात जोडून विनंती, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

दुरुस्तीला 58,000 रुपये गेले. दोन्ही लोअर आर्म, डावा शॉकअप माउंटिंगसह, टाय रॉड, दोन टायर, आणि क्रेडल व एप्रन ओढून जागेवर आणायचं काम.

कागदांनीही आधीच इशारा दिला होता, पण मी वाचला नाही. मला फक्त थर्ड पार्टी पॉलिसी दाखवली होती. आदल्या वर्षीची पूर्ण पॉलिसी मूळ मालकाकडून नंतर मिळाली. तिच्यात नो क्लेम बोनस शून्य होता. क्लेम न घेता वर्ष गेलं की हा बोनस 20 टक्क्यांपासून वाढत 50 पर्यंत जातो आणि गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की शून्यावर येतो. सात वर्षांच्या गाडीला शून्य बोनस, म्हणजे क्लेम घेतलेला असू शकतो. ही पॉलिसी मी घेण्याआधीच मागायला हवी होती. नव्या टायरवरचे चार आकडे 0823 होते, म्हणजे 2023 चा आठवा आठवडा. मागचे टायर जुनेच होते. फक्त पुढचे बदलले, कारण पुढच्यांवर अपघाताची खूण होती.

डीलरकडे गेलो तर त्याने पावती पुढे केली: गाडी पाहून, समाधान झाल्यावर घेतली, नंतर तक्रार चालणार नाही. मला वाचवलं ते व्हॉट्सॲपच्या एका मेसेजने. घेण्याआधी मी लिहून विचारलं होतं, "गाडी कुठे ठोकली आहे का?" उत्तर होतं, "नॉन ॲक्सिडेंटल, 100 टक्के." ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. मग वकिलांमार्फत तो मेसेज, अलाइनमेंटचा कागद आणि लिफ्टवरचे फोटो जोडून नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतर तीस हजार परत आले. पूर्ण रकमेसाठी लढायला हवं होतं असं अजूनही वाटतं, पण त्या काळात वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि तारखांना रजा मिळणार नव्हती. आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते मी मागितलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात कॉलनीतला एक मुलगा गाडी बघायला मला सोबत घेऊन गेला. दुकान वेगळं, माणूस वेगळा. आम्ही गाडी थंड असतानाच पोचलो. इग्निशन चालू केल्यावर मीटरवरचा स्टेअरिंगचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का ते पाहिलं, टायरची आतली कड पाहिली, हवा मोजली, सगळं बरं होतं. मी म्हणालो, "पुलाखालच्या सर्व्हिस रोडने एक चक्कर मारू, गाणी बंद ठेवून." दुकानदार म्हणाला, "तिकडे फार ट्रॅफिक असतं सर, वरून जाऊ." मी पुन्हा म्हणालो, थांबत थांबत जाऊ, आम्हाला घाई नाही. त्याने चावी परत मागितली. मुलाने माझ्याकडे पाहिलं, चावी दिली आणि आम्ही तिथून निघालो.