जुना बेसबॉल ग्लव्ह घ्यायचाय: बिल डोक की विल्सन ए-२०००?

संग्रहातला पहिला ग्लव्ह कुठला घ्यावा, असं कुणी विचारलं की मी ही दोनच नावं सांगतो. दोन्ही माझ्याकडे आहेत.

ए-२००० ची बाजू भक्कम आहे. शिकागोची विल्सन कंपनी मुळात मांसाच्या धंद्यातून निघाली. जनावरांच्या उरलेल्या कातड्या-आतड्यांचं काय करायचं, यातून १९१३ साली उभी राहिली. १९५७ ला आलेला हा ग्लव्ह मनगटाजवळ बिजागरीसारखा दुमडतो आणि बॉल आत आला की जवळजवळ आपला आपणच मिटतो. अधूनमधून खेळायचंही असेल, तर बेलाशक हाच घ्या.

मला नडल्या त्या त्याच्या वाद्या. बोटांची टोकं, वेब (अंगठा आणि तर्जनीमधली जाळी), खालची कड, सगळं वादीनेच एकमेकांत ओवलेलं. इतक्या वर्षांत ती वाळून कडक होते. एक तुटली की ताण जातो, बोटं फाकतात, पॉकेट (बॉल झेलायचा खोलगट भाग) चपटं होतं. नवी ओवायला जावं तर सुई भोकात अडकते आणि जोर लावला की भोकाची कड फाटते. बरं, सगळं नीट जमलं तरी मूळ वादी गेली म्हणून किंमत उतरते ती उतरतेच. माझ्या ए-२००० ची करंगळी तशीच सुटी आहे. हात लावायचा धीर होत नाही.

बिल डोकमध्ये बोटं मुळातच सुटी. वाद्या प्रामुख्याने अंगठा आणि तर्जनीमधल्या जाळीत, आणि खरा इतिहासही तिथेच आहे. तोवर त्या जागी एखाददुसरी पट्टी असायची. सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकन संघाचा पिचर (बॉल टाकणारा खेळाडू) बिल डोक १९१९ साली जाळीची कल्पना घेऊन रॉलिंग्ज या ग्लव्ह बनवणाऱ्या कंपनीकडे गेला, १९२० मध्ये ग्लव्ह बाजारात आला आणि हात वाचवण्यापुरती असलेली वस्तू झेल घ्यायच्या कामाची झाली. डोक खेळायचा थांबला, तरी हा ग्लव्ह १९५० च्या दशकापर्यंत विकला जात होता. दिसायला छोटा, चपटा; आजच्या हाताला अवघडही वाटेल. पण वर्षानुवर्षं कपाटात राहूनही माझ्या डोकचा आकार हललेला नाही, म्हणून माझा कल त्याच्याकडे.

घेताना एक बघा: शिक्क्यात १९२२ दिसलं, तर ते पेटंटचं साल आहे. ग्लव्ह त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला असू शकतो, तेव्हा १९२२ चा म्हणून जादा पैसे मोजू नका.