गिटहब कोपायलट: क्लाउडचं काम करणाऱ्यांनी घ्यावं का?

कोपायलट म्हणजे गिटहबचं कोड लिहायला मदत करणारं एआय टूल. त्याचे रिव्ह्यू बहुतेक करून वेब डेव्हलपर लोकच लिहितात, म्हणून म्हटलं डेव्हऑप्सवाल्यांसाठी, म्हणजे सर्व्हर आणि डिप्लॉयमेंट सांभाळणाऱ्यांसाठी, एक लिहावा. मी पुण्यात क्लाउड टीममध्ये आहे, रोजचं काम म्हणजे टेराफॉर्म (कोड लिहून क्लाउडवर सर्व्हर, डेटाबेस उभे करायचं टूल), कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी सिस्टीम), पाइपलाइन (कोड आपोआप टेस्ट करून सर्व्हरवर नेणारी साखळी) आणि लॉग वाचणं. व्हीएस कोड एडिटरमध्ये कोपायलट रोज चालू असतं आणि आधीच सांगते, मला ते मनापासून आवडतं.

2021 मध्ये प्रीव्ह्यू आला तेव्हा ते फक्त पुढच्या ओळी सुचवायचं. जून 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, महिन्याला 10 डॉलर. पण आमच्या कामात खरा फरक पडला तो 2025 मध्ये एजंट मोड आल्यावर. जेनकिन्स टूलवरची जुनी पाइपलाइन गिटहब अ‍ॅक्शन्सवर न्यायचीय एवढं सांगितलं की ते स्वतः फाइली उघडतं, बदल करतं, तुम्हाला विचारून कमांड चालवतं, एरर आली तर ती वाचून परत दुरुस्त करतं. हे असलं काम टीममध्ये कुणालाच नको असायचं. टॅग नसलेले ईबीएस व्हॉल्यूम (एडब्ल्यूएस म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडवरच्या डिस्क) शोधणारी पायथन स्क्रिप्ट, रेजेक्स (मजकुरातले पॅटर्न शोधायची पद्धत), बॅश, यात तर हात धरणारं कुणी नाही.

आता जिथे जपायचं ते. हे फक्त कोपायलटचं नाही, अशा सगळ्याच टूल्सचं आहे, कारण त्यांना समोरची फाइल दिसते, अकाउंटमध्ये प्रत्यक्षात काय चालू आहे ते तुम्ही दाखवल्याशिवाय दिसत नाही. उदाहरण घ्या, एडब्ल्यूएसवर चालू असलेला आरडीएस डेटाबेस एन्क्रिप्ट करायचाय. टूल एक ओळ टाकून देईल, स्टोरेज एन्क्रिप्टेड ट्रू, आणि सिंटॅक्स अगदी बरोबर असेल. पण टेराफॉर्मच्या दृष्टीने ही सेटिंग बदलली म्हणजे जुना डेटाबेस डिलीट करून नवीन रिकामा बनवायचा! बरोबर रस्ता म्हणजे स्नॅपशॉट घ्या, त्याची एन्क्रिप्टेड कॉपी करा, तिच्यातून रिस्टोअर करा. टेराफॉर्म काय बदलणार ते आधी दाखवतं, त्या प्लॅनच्या आउटपुटमध्ये 'मस्ट बी रिप्लेस्ड' लिहून येतं, पण ते वाचणारं माणूस हवं ना, आणि दोनशे ओळींचा प्लॅन संध्याकाळी सातला कोण नीट वाचतं?

दुसरं म्हणजे जुना सिंटॅक्स. 2022 मध्ये टेराफॉर्मच्या एडब्ल्यूएस प्रोव्हायडरचं (टेराफॉर्मला एडब्ल्यूएसशी जोडणारं प्लगइन) व्हर्जन 4 आलं आणि एसथ्री बकेटचं (फाइली साठवायची जागा) व्हर्जनिंग, एन्क्रिप्शन सगळं वेगवेगळ्या रिसोर्समध्ये गेलं, पण नेटवर जुन्या पद्धतीचा कोड ढीगभर पडलाय त्यामुळे मॉडेल तोच लिहून देऊ शकतं. आयएएम पॉलिसीत (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणारे नियम) सरळ स्टार, म्हणजे सगळ्याचीच परवानगी, टाकणं हेही नेहमीचं, काम चालतं म्हणून कुणी बघत नाही. नॅट गेटवेचंही (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सोय) तसंच, न बघता टाकला तर ट्रॅफिक असो नसो तासाचं बिल लागतंच.

म्हणजे टायपिंगचा वेळ वाचला पण तो कोड तपासण्यात गेला. 2025 मध्ये मीटर (METR) नावाच्या संस्थेने 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर घेऊन 246 कामांवर प्रयोग केला, एआय वापरायची परवानगी असताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण 20 टक्के फास्ट झालो. त्यात मुख्यतः कर्सर हे दुसरं एआय एडिटर वापरलं होतं, कोपायलट नाही, आणि मोठे ओळखीचे प्रोजेक्ट होते, त्यामुळे सगळ्यांना लागू होईलच असं नाही. पण ते 'फास्ट झाल्यासारखं वाटणं' मला अगदी पटलं.

सगळ्यात जास्त काळजी मला नवीन मुलामुलींची वाटते. व्हीपीसी, सबनेट, राउट टेबल, म्हणजे क्लाउडमधलं नेटवर्क, एकदा तरी स्वतःच्या हाताने बनवा रे, प्रॉडक्शन बंद पडतं तेव्हा नेमकं तेच कामाला येतं. एजंटला कोड लिहायला सांगण्याआधी 'हा मॉड्यूल काय करतो ते समजावून सांग' असं विचारायची सवय लावून घ्या, त्यात ते फार छान आहे, न कंटाळता दहा वेळा समजावतं.

पैशांचं म्हणाल तर डिसेंबर 2024 मध्ये फ्री प्लॅन आला, त्यात महिन्याला 2000 कंप्लिशन्स (कोडच्या सूचना) आणि 50 चॅट मेसेज होते, ट्रायलला भरपूर. 2025 मध्ये प्रो या पैसे भरायच्या प्लॅनला महिन्याला 300 प्रीमियम रिक्वेस्टची (मोठ्या मॉडेलला केलेल्या विनंत्यांची) मर्यादा लागली, एजंटला मोठं मॉडेल लावलं की ती पटकन संपायची, त्यामुळे छोट्या कामाला साधं मॉडेलच निवडा. प्लॅन सारखे बदलतात, घेण्याआधी साइटवर चेक करा. आणि कंपनीचा कोड स्वतःच्या पर्सनल अकाउंटवर उघडू नका, आधी सिक्युरिटी टीमला विचारा.