क्रोनी आठ महिने वापरल्यावर: अपग्रेड कधी करावं, कधी थांबावं

क्रोनी म्हणजे यंत्राचं घड्याळ नेटवर्कवरून बरोबर ठेवणारी प्रणाली. डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) मधली क्रोनी ४.० आणि डेबियन १२ मधली ४.३, दोन्ही रोजच्या कामात वापरून झाल्या. अचूकतेत फरक दिसला नाही. इंटरनेटवरून वेळ घेताना चूक होते ती वाटेतल्या विलंबामुळे, आणि तो आवृत्ती बदलून कमी होत नाही. त्यामुळे नुसती नवी आवृत्ती आली म्हणून चालत्या घड्याळाला हात लावू नये.

सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र थांबायचं नाही. डेबियन ती जुन्या आकड्यातच घालतं, म्हणून आकडा न बघता पॅकेजचा चेंजलॉग वाचा. ४.० च्या आधीची क्रोनी असेल आणि एनटीएस (वेळ खरी त्या सर्व्हरकडूनच आली याची खात्री करणारी पद्धत) हवं असेल, तर अपग्रेडला पर्याय नाही. त्यासाठी टीसीपी ४४६० पोर्टही उघडावं लागतं. नुसतं वेळ आणणारं यूडीपी १२३ पुरत नाही.

काही अपग्रेडना तारीख असते. जीपीएस रिसीव्हरकडून वेळ घेणाऱ्या जीपीएसडी या प्रोग्रामच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत आठवडे मोजण्यातली चूक होती. २४ ऑक्टोबर २०२१ ला त्या १०२४ आठवडे मागे, म्हणजे मार्च २००२ मध्ये जाणार होत्या, ३.२३ मध्ये दुरुस्ती आली. इतर तीन-चार स्रोत जोडलेले असतील तर क्रोनी अशा खोट्या स्रोतापुढे ‘एक्स’ लावून त्याला बाजूला ठेवते. जीपीएस एकटंच असेल तर ती त्याच्यामागे जाते. कॉन्फिगमध्ये ‘मेकस्टेप १ ३’ (घड्याळाला एकदम उडी मारू देणारी ओळ) असेल तर मोठी उडी सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांतच मारता येते, म्हणून खरा धोका रीबूट झालेल्या यंत्राला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कॉन्फिग फाइलचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवायची असते. अपग्रेड करताना ॲप्ट (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) विचारतं, तुमची फाइल ठेवू की पॅकेजची? पॅकेजची म्हटलं की एनआयसीच्या ओळी जाऊन डेबियनचा पूल (सामायिक सर्व्हरांचा गट) येतो. वेळ तरीही बरोबरच दिसते, म्हणून ऑडिटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे: सर्व्हरच्या ओळी ‘सोर्सेस.डी’ फोल्डरमध्ये ‘.सोर्सेस’ शेवट असलेल्या वेगळ्या फाइलीत ठेवा.

अपग्रेडआधी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ या कमांडमधली फ्रिक्वेन्सी (घड्याळ किती वेगाने चुकतं तो आकडा) लिहून घ्या. समजा ती १८ पीपीएम (दहा लाखांत १८ भाग) आहे; म्हणजे हे घड्याळ मोकळं सोडलं तर दिवसाला साधारण दीड सेकंद चुकेल. हा त्या यंत्राच्या क्रिस्टलचा स्वभाव आहे, अपग्रेडने बदलत नाही. नंतर तासाभराने आकडा भलताच दिसला, तर दुसरंही कुणीतरी घड्याळ ओढतंय असं समजा. डेबियन क्रोनी बसवताना टाइमसिंकडी हा दुसरा वेळ जुळवणारा प्रोग्राम काढून टाकतं, पण व्हर्च्युअल मशीनवर होस्टची टूल्स आपलं काम चालूच ठेवतात. ती जुळणी बंद करा. ‘क्रोनीसी सोर्सेस’मध्ये रीच ३७७ दिसेपर्यंत थांबा, शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलं असा त्याचा अर्थ.

बॅटरीवरचं घड्याळ नसलेल्या रास्पबेरी पाय ४ वर एनटीएस लावलंत, तर चालू होताना तारीख जुनी असल्याने सर्टिफिकेटच नाकारलं जाऊ शकतं. तिथे ‘नोसर्टटाइमचेक १’ ही ओळ घाला; पहिल्या दुरुस्तीपर्यंत सर्टिफिकेटच्या तारखा तपासल्या जात नाहीत.

आणि डेटाबेस चालू असताना हाताने ‘मेकस्टेप’ देऊ नका. घड्याळ मागे गेलं तर नंतरच्या नोंदीवर आधीची वेळ पडते.